पार्षदाच्या नावाची वारी

विजयाबाई काकड्यांशी भांडू नये असं पाटणकर बाजारात सगळेच म्हणतात, आणि तरी रोज कोणी ना कोणी भांडतंच. साड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर त्यांचं फॉल-पिकोचं मशीन आहे. वर पत्र्याचा आडोसा, शेजारी रंगीत रिळांचा डबा आणि मध्ये नाकावर घसरलेल्या चष्म्यातून जगाकडे संशयाने बघणाऱ्या विजयाबाई. एखादी नवी सून स्कूटीची किल्ली खुळखुळवत म्हणाली, "आंटी, जल्दी कर दो ना," की बाई साडीची घडी घालून तिच्या हातात परत ठेवतात. "जल्दी है तो खुद कर लो." ती बाई तणतणत जाते आणि चार दुकानं फिरून पुन्हा तिथेच येते. कारण विजयाबाईंनी लावलेला फॉल साडी फाटेपर्यंत उसवत नाही.

बाईंची जीभ तिखट आहे, पण ती जन्मापासून तशी नव्हती. माहेर मुरारचं. वडील फौजेत हवालदार, घरात सगळं हुकमावर चालायचं आणि मुली हळू आवाजात बोलायच्या. लग्न होऊन त्या शहराच्या लष्कर नावाच्या भागात आल्या, जयेंद्रगंजमागच्या मराठ्यांच्या गल्लीत, संभाजीराव काकड्यांच्या घरी. काकड्यांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावरून आले होते म्हणे. संभाजीराव मात्र सायकलवरून मिलमध्ये जायचे. मग मिल बंद पडली. 'पैसा नहीं है' हे वाक्य विजयाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. सांगायला जो पुढारी आला होता तो नव्या कोऱ्या मोटारीतून उतरला होता, आणि त्याने मजुरांसमोर हात जोडले तेव्हा त्याच्या बोटांत तीन अंगठ्या होत्या. संभाजीरावांना हक्काचे पैसे शेवटपर्यंत मिळाले नाहीत. ते गेले तेव्हा विजयाबाईंनी पाटल्या मोडून मशीन घेतलं आणि पायरीवर येऊन बसल्या. हळू बोलणं त्यांनी त्याच पायरीवर सोडलं.

मुलगा संग्रामसिंह मोठा झाला, मालनपूरच्या एका कारखान्यात लागला. सून आली देवासची, उन्नती. बी.कॉम. शिकलेली, चटपटीत, सासूच्या तोडीस तोड बोलणारी. तिला पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात कॉम्प्युटरवर कर भरून घ्यायचं काम मिळालं. सरकारी नव्हे, आउटसोर्स. म्हणजे खुर्ची पालिकेची, शिव्या जनतेच्या आणि पगार कुठल्याशा एजन्सीच्या मर्जीचा. तरी घराला त्या पगाराचा मोठा आधार होता. पुढे कारखान्यातल्या पाळ्या कमी झाल्या, संग्रामसिंह आठवड्यातले निम्मे दिवस घरी बसू लागला, तेव्हा तर घर उन्नतीच्याच पगारावर चालू लागलं.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. यशोधन शेळके, आमचे पार्षद, म्हणजे नगरसेवक. आमचे म्हणायला जीभ कचरते, पण निवडून आम्हीच दिलाय. यशोधनची आई लीलाताई आणि विजयाबाई एकाच वर्षी या गल्लीत सुना म्हणून आल्या. तेव्हापासून लीलाताईंची प्रत्येक साडी विजयाबाईंच्या हाताखालून गेली, आणि प्रत्येक सुखदुःखही. यशोधन काकी काकी करत याच घरात जेवला, वाढला. मंडप-तंबूच्या धंद्यातून पुढाऱ्यांच्या सभांपर्यंत पोचला आणि एके दिवशी तिकीट घेऊन आला.

निवडणुकीत मराठ्यांच्या चार गल्ल्या ज्याच्या बाजूला, तो निवडून येणार हे ठरलेलं. आउटसोर्सवाल्यांचे पगार तेव्हाही मागेपुढे व्हायचे, आणि गल्लीतल्या पाच-सहा घरांत तसली नोकरी करणारं कोणीतरी होतंच. विजयाबाईंच्या घरी बायकांची बैठक भरली. यशोधन उभा राहून म्हणाला, "जब तक इन लोगों को टाइम पे तनख्वाह नहीं, मी माझं मानदेय एक रुपया घेणार नाही. वचन आहे माझं." मानदेय म्हणजे पार्षदाला मिळणारं महिन्याचं मानधन.

"नुसतं बोलू नकोस," विजयाबाई म्हणाल्या. "उचल."

काकड्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे. त्याच्यापुढचं बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात उचलून घेतलेली शपथ म्हणजे बेलभंडार. दख्खनेत एके काळी याच शपथेवर माणसं किल्ले सोडत असत. यशोधनने मोठ्या हौसेने बेलभंडार उचलला, आणि बरोबर आणलेल्या पोराने फोटो काढला.

विजयाबाईंनी तिथल्या तिथे घरची रीतही सांगितली. या देव्हाऱ्यापुढे कोणी शब्द मोडला, तर ज्याने शपथ घातली त्याने खंडोबाचा कोटंबा, म्हणजे देवापुढचं ते चौकोनी पितळी भांडं, हातात घ्यायचं. मोडणाऱ्याचं नाव घेत पाच घरी भीक मागायची. त्याला वारी मागणं म्हणतात. ती भीक शब्द मोडणाऱ्याला खायला घालायची. त्याने खाल्ली की शपथ घालणारा मोकळा, आणि खाणारा देवाच्या दारचा भिकारी. मग तो आणि देव काय ते बघून घेतील. तोवर त्या देव्हाऱ्यात दिवा लावायचा नाही.

हे सगळं बाई सांगत होत्या तेव्हा यशोधन मान खाली घालून उभा होता. बायकांना वाटलं, केवढी श्रद्धा पोराची! पण तो फोनमध्ये बघत होता, फोटो नीट आलाय का. शेळक्यांच्या देवांचे टाक कधीच थोरल्या घरी इंदूरला गेले होते. या पोराला खंडोबा माहीत होता तो पोस्टरवर छापण्यापुरता.

विजयाबाई त्याच्यासाठी दारोदार फिरल्या. ज्या बाईने आयुष्यात कोणाची मनधरणी केली नाही, तिने त्याच्यासाठी हात जोडले. "माझ्या देवापुढे उचललंय त्याने," एवढंच म्हणायच्या. यशोधन निवडून आला. पहिलं वर्ष पगार वेळेवर झाले, आणि विजयाबाई पायरीवर जरा ताठ बसू लागल्या.

मग वाईट दिवस आले. पालिकेच्या तिजोरीत खडखडाट झाला, निदान तसं सांगण्यात आलं. पाणीपट्टी वाढली. बाजारात गिऱ्हाईक साडीला हात लावून जाऊ लागलं. आउटसोर्सवाल्यांचे पगार आधी लांबले, मग थांबले. दिवाळी कोरडी गेली. उन्नती रोज ऑफिसात जाऊन लोकांचे पैसे मोजून घ्यायची आणि रिकाम्या हाताने घरी यायची. विचारलं तर उत्तर एकच, बजट नहीं है. तेच जुनं वाक्य, फक्त आता कॉम्प्युटरवर.

अशातच बातमी आली की पार्षदांचं मानदेय आणि भत्ते वाढवायचा ठराव येतोय. विजयाबाईंनी मशीनवर कापड टाकलं आणि त्या पालिका परिषदेच्या सभागृहात जाऊन बघ्यांच्या बाकावर बसल्या.

त्यांनी काय पाहिलं? आधी पगारांचा विषय निघाला. निधी नाही, विषय पुढच्या बैठकीत. चहा थंड व्हायच्या आत संपला. मग मानदेयाचा. सकाळपासून एकमेकांच्या अंगावर कागद फेकणारे दोन्ही बाजूंचे लोक अचानक सख्खे भाऊ झाले. एक म्हणाला, महंगाई सबके लिए है. दुसरा म्हणाला, पार्षदाच्या दारात रोज पन्नास माणसं चहा पितात. एक म्हातारे सदस्य तेवढे उठून म्हणाले, "आधी कामगारांचे पगार द्या, मग आपलं बघू." त्यांना लोक हसले. "दादा, आपकी तो पेन्शन है!"

शेवटी यशोधन उठला. मोठा नेमका बोलला, ते मान्य करायला हवं. म्हणाला, पार्षदाला इतकं कमी मिळालं तर राजकारणात फक्त धनदांडगेच येतील, गरिबाघरचा पोरगा येणारच नाही. आणि पोट रिकामं ठेवून प्रामाणिक राहा म्हणणं हा ढोंगीपणा आहे. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच विजयाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हेच बोलणं त्याला तासाभरापूर्वी पगारांच्या विषयावर सुचलं नव्हतं. रिकामं पोट त्याला दिसलं ते फक्त स्वतःचं, आणि ते तर शर्टाच्या बटणांतून बाहेर डोकावत होतं.

बाकं वाजली, ठराव मंजूर झाला. जाताना यशोधनला काकी दिसल्या. त्याने लांबूनच हात हलवला. विजयाबाई घरी आल्या आणि संध्याकाळी देव्हाऱ्यात दिवा लावला नाही.

दिवा नाही म्हटल्यावर उन्नतीला कळायचं ते कळलं. "आई, तुम्ही वारी मागणार?"

"मागावीच लागणार. शपथ मी घातली."

"आणि माझं काय? पुढच्या महिन्यात एजन्सीची नवी यादी लागणार आहे. त्यात कोणाचं नाव ठेवायचं ते यशोधनदादांना विचारून ठरतं, माहीत आहे ना तुम्हाला? थकलेला पगार तर जाईलच, नोकरीही जाईल."

"देवाचं देणं आहे, उन्नती."

"देव तुमचा, शपथ तुमची, त्याच्यासाठी मतं मागितली तुम्ही. मग त्याचा भुर्दंड मी का भरू? मला विचारलं होतं का कोणी?"

ज्या बाईने उभ्या बाजाराला गप्प केलं तिला सुनेने गप्प केलं, कारण सून बरोबर बोलत होती. दोघी बरेच दिवस एकमेकींशी कामापुरतं बोलत राहिल्या. संग्रामसिंह मध्ये पडायला गेला तेव्हा दोघींनी मिळून त्याला झापलं.

चंपाषष्ठी जवळ आली, खंडोबाचा मोठा सण. यशोधन तिळाच्या गजकचा डबा घेऊन घरी आला. मशीनवरून नुकत्याच आलेल्या विजयाबाईंच्या पाया पडला.

"काकी, नाराज दिसून राहिल्यात."

"मानदेय घेतलंस?"

"काकी, वो सब टेक्निकल चीज है. सगळे घेतात. मी एकट्याने नाही म्हटलं तर पार्टीत बेवकूफ दिसेन."

"बेलभंडार उचलला होतास."

"अरे काकी!" तो हसला. "इलेक्शन का टाइम था. हल्दी ही तो थी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बघा, उन्नतीची यादी माझ्याकडे आहे. मी तर चाहतोच तिचं नाव राहावं. पण बाजारात तुम्ही मेरे खिलाफ बोलून राहिल्यात, हे ऐकायला येतं. जरा सोच लेना."

विजयाबाईंनी डबा उचलून त्याच्या हातात दिला. "घेऊन जा. तुला लागेल. महागाई आहे."

चंपाषष्ठीला आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दुपारी कार्यक्रम असतो. तळी भरायची, येळकोट करायचा, मग वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे. यंदा मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव यांनी यशोधनचा सत्कार ठेवला होता. हॉलचं छप्पर गळतं, आणि पार्षद निधीतून ते होईल अशी दिनकररावांना आशा होती. गळक्या छपराखाली माणूस किती लाचार होतो ते आमच्या मंडळात येऊन बघावं.

त्या सकाळी विजयाबाईंनी अंघोळ केली, कपाळाला भंडारा लावला आणि कोटंबा हातात घेतला. उन्नती स्वयंपाकघरात रोडगे भाजत होती. तिने बघितलं आणि तोंड फिरवलं.

विजयाबाई गल्लीत उतरल्या आणि पहिल्या दारासमोर उभ्या राहून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वारी खंडोबाची! यशोधन शेळक्याच्या नावाने मागते! त्याचं पोट भरत नाही, त्याला घाला!"

पहिल्या घरातून हसू ऐकू आलं, मग एक सून रोडगा घेऊन आली. दुसऱ्या घरी नवरा "नको नको" करत होता तोवर बायकोने त्याच्या अंगावरून हात काढून कोटंब्यात रोडगा टाकला; तिचा भाऊ पालिकेच्या पंपावर बिनपगारी राबत होता. दिनकररावांनी दार अर्धं उघडलं. "वहिनी, देवाला राजकारणात आणू नका."

"मी कुठे आणला? माझ्या घरी येऊन त्यानेच आणला."

दार बंद झालं. पुढची आणखी काही दारं आवाज ऐकूनच बंद झाली. कोणाच्या घरात मंडपाचं कंत्राट होतं, कोणाच्या नळाचा अर्ज अडला होता, आणि काहींना नुसतीच भीती. ज्यांच्यासाठी त्या निवडणुकीत भांडल्या होत्या, तीच माणसं पडद्याआडून बघत होती. विजयाबाईंनी प्रत्येक बंद दाराला एकेक अस्सल शिवी दिली, मुरारच्या छावणीतली, आणि पुढे गेल्या. लीलाताईंच्या दारापाशी मात्र त्या न थांबता, न ओरडता गेल्या. वरच्या खिडकीत लीलाताई उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, इतकंच.

मध्ये आणखी दोन घरांनी रोडगा टाकला, तरी चारच घरं झाली. पाचवं मिळेना. ऊन चढलं, पाय भरून आले, तशा बाई परत येऊन आपल्याच दाराच्या पायरीवर बसल्या, कोटंबा मांडीवर घेऊन. बाजारात कोणी पाहिलं नसेल असं त्यांचं तोंड उतरलं होतं.

आतून उन्नती आली. हातात फोन होता. "यशोधनदादांचा फोन होता," ती म्हणाली. "भोपाळहून येऊन राहिलेत, सरळ हॉलवर जातील. म्हणाले, काकींना स्टेजवर आण, सगळ्यांसमोर मला ओवाळू दे, फोटो होऊ दे. मग तुझं नाव यादीत पक्कं."

"आणि थकलेला पगार?"

"पिछला भूल जाओ, म्हणाले." उन्नतीने फोन पायरीवर ठेवला. "इतके महिने रोज गेले मी. तापातसुद्धा गेले. लोकांनी तोंडावर रसीद फेकली तरी उठले नाही. आणि हा म्हणतो भूल जाओ, असं, जसं काही चहाचे पैसे राहिलेत."

ती आत गेली आणि गरम रोडगा घेऊन आली. कोटंब्यावर धरला.

"घरचं चालत नाही, उन्नती," विजयाबाई म्हणाल्या. "मागणाऱ्याच्या घरचं चालत नाही."

"हे घर कोणाच्या पगारावर चालत होतं?"

"तुझ्या."

"मग घर माझं आहे. तुम्ही माझ्या दारात बसल्या आहात. मागा."

विजयाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. सुनेच्या दारात उभ्या राहून त्यांनी वारी मागितली. यावेळी आवाज खणखणीत निघाला नाही. उन्नतीने रोडगा टाकला.

"मी दादांना सांगितलंय, काकी येतील म्हणून," ती म्हणाली. "चला."

हॉल भरला होता. सकाळची वारी चारही गल्ल्यांना माहीत झाली होती, कोटंब्यात काय आहे आणि कोणासाठी आहे हे शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या यशोधनला, आणि त्याला सांगावं असं कोणालाही वाटलं नाही. ज्यांनी सकाळी दारं लावून घेतली होती, तेही आता डोळे लावून बसले होते. भित्र्या माणसाला दुसऱ्याने काढलेलं उट्टं फार आवडतं.

विजयाबाई स्टेजवर चढल्या. दिनकरराव हार सावरत यशोधनला डोळ्यांनी खुणावत होते. त्याला वाटलं, वेळ कमी आहे म्हणतायत. त्याने हात जोडून काकींना पुढे बोलावलं, फोटोवाल्या पोराला जवळ घेतलं.

"घे," विजयाबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी आणलंय."

"काकींचा आशीर्वाद!" यशोधन माइकवरून म्हणाला. त्याने कोटंबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, वरचा रोडगा उचलला आणि कॅमेऱ्याकडे बघत मोठा घास तोडला. चावला. गिळला. "वा! आमच्या मराठी संस्कृतीची बातच और आहे."

टाळी वाजली नाही. यशोधनने समोर बघितलं. तीनशे माणसं एका माणसाला घास गिळताना बघत होती.

पहिल्या रांगेतून लीलाताई उठल्या. "यशोधन, खाली ठेव ते."

"क्यों आई? प्रसाद है."

"प्रसाद नाही. भीक आहे. तुझ्या नावाने सकाळी दारोदार मागितलेली. शपथ मोडलीस म्हणून." लीलाताई स्टेजकडे चालू लागल्या. "रीत सांगितली होती तिने. मी होते तिथे. तू फोनमध्ये होतास."

यशोधनचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं. कोटंबा त्याने टेबलावर आपटला. आणि मग, पोसलेला सगळा विनय गळून पडला. "काकी, ये आपने ठीक नहीं किया," तो ओरडला. "आता उन्नतीचं काय ते तुम्हीच बघा! उसका नाम मैं—"

"कापा," मागून आवाज आला. उन्नती भरिताचं पातेलं हातात घेऊन उभी होती. "पण दादा, एक सांगते. तुम्ही जो आत्ता खाल्लात ना, तो रोडगा माझा होता. ज्या घरात दिवाळीच्याही कितीतरी आधीपासून पगार आला नाही, त्या घरातला. तुमची पगारवाढ झाल्यावरसुद्धा तुम्हाला माझ्या चुलीवरचं मागून खावं लागलं."

मागच्या रांगेत कोणीतरी "येळकोट" म्हणालं, हळूच, आणि दुसऱ्याने "जय मल्हार" म्हटलं, आणि मग सगळा हॉल तेच म्हणू लागला, मोठमोठ्याने. देवाचा गजर एखाद्याच्या तोंडावर शिवीसारखा मारता येतो, हे यशोधनला त्या दिवशी कळलं. तो मागच्या दाराने गेला. हार दिनकररावांच्या हातातच राहिला.

लीलाताईंनी स्टेजवर येऊन टेबलावरचा कोटंबा उचलला. उरलेले रोडगे पदरात घेतले, भांडं पुसलं आणि विजयाबाईंच्या हातात दिलं.

"तू केलंस ते बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "आता माझ्या दारात येऊ नकोस."

"लीला—"

"माझ्या पोराला भिकारी केलंस, विजया. बरोबर केलंस. पण तो माझा पोर आहे."

त्या दिवशी काकड्यांच्या देव्हाऱ्यात दिवा लागला. विजयाबाई बराच वेळ त्याच्यापुढे बसून होत्या. सुटका झाल्यासारखं त्यांना काही वाटलं नाही.

नव्या यादीत उन्नतीचं नाव नव्हतं. थकलेला पगारही आला नाही. यशोधन वाढीव मानदेय घेतो आणि आमच्या गल्लीतून जाताना गाडीची काच वर करतो. छप्पर अजून गळतं. दिनकररावांनी त्याचा दोष विजयाबाईंना देऊन झाला आहे. लोक म्हणतात, बाई जिंकली. कसली डोंबलाची जिंकली? मैत्रीण गेली, सुनेची नोकरी गेली. ज्यांनी दारं लावून घेतली होती, ते आता चौकाचौकात ती गोष्ट स्वतः केल्यासारखी सांगतात.

पायरीवर आता दोन मशीनं आहेत. उन्नतीची शिवण अजून वाकडी येते, आणि विजयाबाई ती सगळ्यांसमोर उसवून परत करायला लावतात. उन्नती उलट बोलते. दोघींची जुंपली की गिऱ्हाइकं मजा बघत उभी राहतात.

परवा शेळक्यांची मोलकरीण एक साडी ठेवून गेली, फॉल लावायला. निरोप काही नव्हता. जांभळी, जरा जुनी. विजयाबाईंनी लीलाताईंची ती साडी बघताक्षणी ओळखली; त्यांनीच लावलेला फॉल कोणीतरी मुद्दाम हाताने उसवला होता. उन्नतीने हात पुढे केला.

"तू नको," विजयाबाई म्हणाल्या. "तुझी शिवण वाकडी येते."

त्यांनी मशीन बाजूला सारलं, चष्मा वर केला आणि साडी मांडीवर घेऊन हाताने फॉल लावायला बसल्या. दोरा सुईत जाईना. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चुकला. उन्नतीने सुई त्यांच्या हातातून घेतली, दोरा ओवला आणि परत दिली.